भुयार शोधणाऱ्यांसाठी प्राथमिक पाठ

पुण्याच्या इतिहासावर बोलायला कोणतीही पात्रता लागत नाही, हे पुण्यात सर्वांना माहीत आहे. लिहायलाही लागत नाही. संशोधन करायचे असेल तरच थोडी तयारी लागते, आणि ती करण्याची इच्छा अचानक बळावलेल्या मंडळींसाठी हे मार्गदर्शन आहे. ही इच्छा साधारणपणे दोन वयांत होते: नोकरी लागण्याच्या आधी आणि नोकरी संपल्यानंतर. मधल्या वयातल्या माणसाला शहराचा इतिहास फक्त दोनदा भेटतो, गणपतीत रस्ते बंद झाल्यावर आणि वडिलोपार्जित घराची कागदपत्रे काढताना. जाणकारांनी पुढे वाचू नये. वाचलेच तर चुकांची यादी करून पाठवू नये. ते पाठवतीलच, पण सांगून ठेवलेले बरे.

सुरुवात

सुरुवात भुयारापासून करावी. दुसरीकडून केली तरी लोक तुम्हाला तिथेच आणून सोडतात. पेठेतल्या कुठल्याही जुन्या वाड्यात जा, चहा येण्याच्या आत भुयाराचा विषय निघतो. जिन्याखाली एक बुजवलेले तोंड असते. ते शनिवारवाड्याला निघते. मालक जरा मोकळ्या मनाचे असतील तर पर्वतीला, आणि घराण्यात सरदारकी होऊन गेली असेल तर थेट सिंहगडाला. आतून घोडेस्वार जात असे. कोणी पाहिले? आजोबांच्या चुलत्यांनी. बुजवले कोणी? इंग्रजांनी. कशासाठी? इथे मालकांचा आवाज खाली येतो आणि चहा येतो.

हसू नये. तारीख घालून सगळे वहीत उतरवावे. घोडेस्वारावर विश्वास ठेवण्याची गरज नाही, पण पुण्याच्या जमिनीखाली काहीतरी आहे हे खरेच आहे. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला बांध घालून पाणी अडवले आणि ते जमिनीखालून, पक्क्या बांधकामाच्या नळातून, शहरात आणले. नळ म्हणजे आपल्या मोरीतला नव्हे. आत माणूस उतरून गाळ काढू शकेल एवढा तो मार्ग. पंप नाही, वीज नाही, सगळा कारभार उतारावर. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले, म्हणजे आतली हवा निघून जावी आणि पाण्याचा जोर सांभाळला जावा यासाठी वर काढलेली उभी बांधकामे. एवढे करून पाणी शनिवारवाड्यात आणि पेठांतल्या सार्वजनिक हौदांत पडे. शनिवारवाड्यातले हजारी कारंजे ज्या पाण्यावर उडत होते तेही कुठून तरी उतरूनच येत होते. (त्याच्या तोट्या दोनशेच्या आतच होत्या. हजाराचा आकडा मोजून दिलेला नाही, मानाने दिलेला आहे. पुण्यातले बरेच आकडे असेच असतात.)

तेव्हा आजोबांच्या चुलत्यांनी अंधारे, ओलसर, कमानीचे काहीतरी पाहिले असेल तर ते खोटे बोलत नव्हते. फक्त घोडा त्यांनी पदरचा घातला. 2019 मध्ये स्वारगेटला मेट्रोचे खोदकाम चालू असताना विटांचे भुयार लागले, तेव्हाही आधी पेशवे आठवले आणि मग ते पाण्याच्या व्यवस्थेचे असल्याचे जाणकारांनी सांगितले. त्यावर शहराची निराशा झाली. नवशिक्याने निराश होऊ नये. त्याने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे की पुण्यात जमिनीखाली जे सापडेल ते पुरावा मिळेपर्यंत पाण्याचे समजायचे, गुप्तहेरांचे नाही.

साहित्य

वही, पेन्सिल (जुन्या कागदांजवळ शाई आणू देत नाहीत), टोपी, पाण्याची बाटली, फोनमधला नकाशा आणि सहनशक्ती. नव्या चपला घालू नयेत.

पुस्तकांत मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अठरावा खंड आधी पाहावा. तो 1885 चा, तीन भागांत आहे आणि तिसऱ्या भागात पुणे शहर आहे: पेठा, हौद, पूल, देवळे, बाजार, एकेकाची नोंद. साहेबाने लिहिले म्हणून ते सगळे खरे धरू नये. आणि साहेबाने लिहिले म्हणून खोटेही धरू नये, कारण सांगणारे बहुतेक इथलेच होते. त्याच्याही आधी, 1868 मध्ये, ना. वि. जोशी यांनी मराठीत पुण्याचे वर्णन लिहिले. ते मिळाले तर सोडू नये. धनंजयराव गाडगीळांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेत केलेली शहराची आर्थिक-सामाजिक पाहणी मात्र कोणी हौशी माणूस वाचत नाही. तिचे भाग 1945 आणि 1952 साली आले. तिच्यात एकही तलवार नाही. लोक काय काम करत होते आणि त्यातून काय मिळवत होते, एवढेच आहे. म्हणूनच ती वाचावी. शनिवारवाड्याला 16,110 रुपये खर्च आला हे पुण्यातल्या शाळकरी पोराला पाठ असते. शेजारच्या वाड्यात पाणी भरणाऱ्या बाईला महिन्याला काय मिळत होते, हे विचारले की सभा शांत होते.

मोडी शिकावी. भारत इतिहास संशोधक मंडळात तिचे वर्ग होतात. पहिल्या आठवड्यात अक्षरे येतात, दुसऱ्या आठवड्यात जातात. त्यानंतर टिकून राहणाऱ्यालाच पेशवे दफ्तराचे दार उघडे आहे. तिथे कागद रुमालांत बांधलेले असतात. गो. स. सरदेसायांनी त्या डोंगरातून निवड करून 45 खंड छापले, तेव्हा सारे काम झाले असे काही जणांना वाटते. झालेले नाही. मूळ कागदांत लढायांपेक्षा हिशेब फार आहेत: धान्याचे, तुपाचे, चाकरांच्या पगाराचे, दुरुस्त्यांचे. नवशिक्या पानिपत शोधायला जातो आणि त्याच्या हाती चुन्याचा हिशेब येतो. तो खाली ठेवू नये. शहर चुन्याने बांधलेले असते.

याशिवाय सिटी सर्व्हेचा नंबर, मालमत्ता पत्रक आणि फेरफार हे तीन शब्द नीट उच्चारता आले पाहिजेत. इथे एक चमत्कार अनुभवाला येईल. पेशवाईतली सनद लोक स्वतःहून दाखवतात, काचेत लावून ठेवतात. 1950 नंतरचा कागद मागितला की कपाटाची किल्ली सापडत नाही. इतिहास जितका जवळ येतो तितका तो न्यायप्रविष्ट होत जातो. ज्या कागदासाठी किल्ली सापडत नाही तोच पाहायचा असतो, एवढे लक्षात ठेवावे.

पाट्यांवर वेळ घालवू नये

प्रत्येक नवशिक्याचा पहिला लेख ठरलेला असतो: लकडी पुलात लाकूड नाही, तळ्यातल्या गणपतीला तळे नाही, आणि 1923 चा पूल अजून नवा पूल म्हणवतो. हा लेख पुण्यात दरवर्षी कोणीतरी लिहितो. तुम्ही लिहू नये. लिहायचाच असेल तर घरी लिहून ठेवावा.

नावांचा खरा उपयोग शोध घेताना आहे. बुधवार पेठ ही औरंगजेबाच्या मुक्कामानंतर मोहियाबाद होती, त्याच्या इथेच वारलेल्या नातवाच्या नावाने. रविवार पेठ मलकापूर, शनिवार मुर्तजाबाद, गुरुवार वेताळ. शिवाजीनगरला भांबुर्डा म्हणत. ते नाव बदलले, आणि रे मार्केटची महात्मा फुले मंडई झाली, ती आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना. तेव्हा जुन्या सूचीत शिवाजीनगर शोधून ‘काही सापडले नाही’ असे जाहीर करू नये. मंडईबद्दल जाता जाता आणखी एक: नगरपालिकेत सभासद असताना फुल्यांनी त्या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता, तो पैसा शिक्षणाकडे वळवा असे त्यांचे म्हणणे होते. आता तिथल्या पाटीवर त्यांचेच नाव आहे. महात्म्यांना नाही म्हणण्याची सोय नसते.

माणसांना काय विचारावे

‘पूर्वी कसं होतं हो?’ हा प्रश्न वहीत मोठ्या अक्षरांत लिहावा आणि त्यावर काट मारावी. त्याचे उत्तर ‘पूर्वी असं नव्हतं’ हेच येते आणि मग दोन तास जातात. त्याऐवजी लहान, जरा अप्रतिष्ठित प्रश्न विचारावेत. घरात नळ कधी आला? त्याच्या आधी पाणी कुठून भरत होता, आणि कोण भरत होतं? संडास किती बिऱ्हाडांत एक? भाडे किती?

भाड्याच्या प्रश्नाला असे उत्तर मिळण्याची तयारी ठेवावी:

“तुला कशाला हवंय रे? मालकानं पाठवलंय का?”

“नाही आजोबा, इतिहासासाठी.”

“इतिहासासाठी शनिवारवाडा आहे की. तिकडं जा.”

उठून जाऊ नये. आजोबांची शंका अगदी रास्त आहे. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांचे भाडे 1 सप्टेंबर 1940 च्या दराला बांधून टाकले. नवा कायदा यायला 1999 साल उजाडले. मधल्या काळात चहा महागला, सोने महागले, वाड्यातली खोली महागली नाही. मग मालक कौले बदलेना, भाडेकरू जागा सोडेना, आणि पाऊस दोघांचेही ऐकेना. आज पेठांत जे वाडे पडतात, ज्यांच्या जागी इमारती उठतात, आणि पडण्याआधी ज्यांचे फोटो काढायला रविवारी सकाळी मंडळी जमतात, त्या सगळ्यामागे पेशव्यांपेक्षा हा कायदा आहे. लाकडी खांबांवरच्या केळफुलांचा फोटो जरूर काढावा. पण त्याखाली भाड्याचा आकडा लिहिल्याशिवाय तो पुरा झाला असे मानू नये.

आजीला वेगळे बसून विचारावे. आजोबा बसलेले असताना तिला काही आठवत नाही, आणि पाण्याचे सगळे तिलाच ठाऊक असते.

‘कागद पानशेतमध्ये गेले’ हे वाक्य तुम्हाला घरोघर ऐकायला मिळेल. 12 जुलै 1961 च्या सकाळी अर्धवट झालेले पानशेत धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासलाही घेतले आणि नदीकाठचे पुणे पाण्याखाली गेले. हे अक्षरशः खरे आहे, खूप लोकांचे सगळे गेले. पण ज्या गल्लीत त्या दिवशी पाणी आलेच नाही त्या गल्लीतलेही कागद पानशेतमध्येच गेलेले असतात. एवढ्यासाठी पुराची रेषा आधी पाहून ठेवावी. काही जुन्या भिंतींवर ती अजून लावलेली सापडते, आणि ती पाहायला मान वर करावी लागते. पुरानंतर बेघर झालेल्यांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. शहर नदीपासून उठून टेकड्यांच्या पायथ्याशी गेले. पूरग्रस्तांच्या जागांच्या मालकीचा प्रश्न त्यानंतर दशकानुदशके चालत राहिला. ज्याला धरणफुटीवर लिहायचे आहे त्याने एक दिवस पाण्याचा आणि उरलेली साठ वर्षे अर्जांची, असा हिशेब ठेवावा.

ओढ्याच्या काठाने

आता प्रत्यक्ष चालण्याचा पाठ. हेरिटेज वॉकला जाऊ नका असे कोण म्हणेल, पण तिथे सगळे बंद दरवाजांसमोर उभे राहतात. तुम्ही आंबिल ओढा धरावा.

हा कात्रजच्या बाजूने येतो. पूर्वी तो वस्तीच्या मधून वाहत असे. नानासाहेबांच्या काळात त्याला पर्वतीजवळ अडवून तळे केले गेले आणि पुढचा प्रवाह पश्चिमेकडे वळवून मुठेला सोडला गेला. तळ्यातल्या बेटावर बाग झाली, पुढे सवाई माधवरावांच्या वेळी, 1784 मध्ये, गणपती आला. तळे कालांतराने संपले आणि तिथे सारसबाग झाली. भेळ खाणाऱ्यांपैकी कोणीही तळ्यात बसल्यासारखे वागत नाही, हे ठीकच आहे. पण संशोधकाने तिथे बसून उताराकडे पाहावे. दांडेकर पुलाखालून जो आज नाला म्हणून वाहतो तो ओढा आहे, आणि वळवलेला आहे. तो तसा का वाहतो याचा निर्णय पुण्यात अडीचशे वर्षांपूर्वी झाला. त्याच्या काठावर कोणी राहायचे, याचे निर्णय अलीकडचे आहेत.

25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कात्रजकडे धुवांधार पाऊस झाला आणि आंबिल ओढा अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी, सहकारनगर या भागांतून सुटला. भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या, शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसे मेली. दुसऱ्या दिवशी ‘नाल्याला पूर’ असे सगळीकडे छापून आले. नवशिक्याने इथे कात्रणवही काढावी. घडलेली गोष्ट जुनी आहे की नवी, हे ठरवायला त्याने तीन कागद शेजारी शेजारी ठेवावेत: ओढा दाखवणारा जुना नकाशा, विकास आराखडा आणि बांधकामाच्या परवानग्या. पहिल्यात ओढा रुंद असतो. दुसऱ्यात तो रेघ होतो. तिसऱ्यात त्याचे नाव नसते.

चार पावले पुढे कालवा आहे. पेशव्यांचे नळ शहराला आणि नव्या छावणीला पुरेनात, शेतीलाही पाणी हवे होते, म्हणून इंग्रजांनी 1870 च्या दशकात खडकवासल्याचे धरण बांधले. कर्नल फाइफ यांच्या नावाने त्या जलाशयाला लेक फाइफ म्हणत. त्याचा उजवा कालवा पर्वतीच्या पायथ्याने, शहराच्या पोटातून हडपसरकडे आणि पुढे शेतांकडे जातो. रोज त्यावरून हजारो लोक जातात आणि कित्येकांना तो नदीच वाटतो. 27 सप्टेंबर 2018 रोजी त्याची भिंत जनता वसाहतीजवळ फुटली आणि दांडेकर पुलाच्या परिसरातल्या झोपड्यांत दिवसाढवळ्या पाणी शिरले. तेव्हाच्या जलसंपदामंत्र्यांनी कारण सांगितले: उंदीर, घुशी आणि खेकडे यांनी कालवा पोखरला. हे विधान संशोधकाने जसेच्या तसे नोंदवावे, पदरचे काही घालू नये. भुयारातल्या घोडेस्वाराला शोभेल अशी ही एवढीच सरकारी नोंद आहे, आणि तिला तारीखही आहे.

भिडे पूल पाण्याखाली गेल्याची बातमी दरवर्षी येते. तो मुळात इतका खाली बांधला आहे की न गेला तर बातमी व्हावी. त्यावर वेळ घालवू नका. त्याऐवजी 25 जुलै 2024 ची सकाळ घ्या. खडकवासल्यातून पाणी सोडले गेले, वर पाऊस होताच, आणि सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत पहिल्या मजल्यापर्यंतच्या लोकांची धावपळ झाली. नदी सोसायटीत शिरली असे सगळे म्हणाले. सोसायटी नदीत कोणत्या साली शिरली, ते शोधणे हे तुमचे काम. त्याला मोडी लागत नाही. त्याला निळी पूररेषा आणि लाल पूररेषा यांचे नकाशे लागतात आणि ते मागण्याची तयारी लागते. या कामात सत्कार होत नाहीत, शालही मिळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

वाद

थोडक्यात. सार्वजनिक गणपती टिळकांनी सुरू केला की भाऊ रंगारींनी, यात नवशिक्याने पडू नये. जाणत्यानेही पडू नये. नाना फडणवीस आणि घाशीराम कोतवाल यांच्याबद्दल बोलायचे झाल्यास तेंडुलकरांचे नाटक हा इतिहास नाही, आणि घाशीरामाला 1791 मध्ये लोकांनी दगडांनी ठेचून मारले हा आहे, एवढे सांगून निघावे. कोणी ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असे विचारले तर तो वादाचा भाग समजावा आणि उत्तर देऊ नये.

हौदावर कोण

आता जे शिल्लक राहिले ते या अभ्यासाचे सर्वांत जड प्रकरण आहे आणि भुयार शोधणारे त्याच्यापर्यंत सहसा येत नाहीत.

पाणी हौदात आले, इथपर्यंत सगळे कौतुकाने सांगतात. त्या हौदावर भांडे कोण बुडवू शकत होते, हे सांगत नाहीत. पुण्याच्या सार्वजनिक हौदांवर अस्पृश्यांना मज्जाव होता. उतारावर आणलेले, इंजिनिअरांनी वाखाणलेले ते पाणी शेवटच्या चार हातांत अडत होते. 1868 मध्ये जोतीराव फुल्यांनी गंज पेठेतला आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. तो हौद अजून फुलेवाड्यात आहे. नवशिक्याने कात्रजपासून शनिवारवाड्यापर्यंतचा नळ एका नकाशावर काढावा आणि त्याच नकाशावर हा हौद दाखवावा. नुसती एक चौकट पुरते. तिच्याशिवाय तो नकाशा स्थापत्यशास्त्राचा असेल, शहराचा नसेल.

एवढे झाल्यावर पेशव्यांखेरीज इतरांनी आणलेले नळ पाहावेत. नाना फडणवीसांनी नऱ्ह्याच्या बाजूने सदाशिव पेठेच्या हौदाकडे पाणी आणले, रास्त्यांनी कोंढव्याच्या बाजूने आपल्या वाड्याकडे. म्हणजे पेठेत नळ घातला की त्याचे दुसरे टोक गावातल्या झऱ्याला असे. गाव पाणी देई, पेठ पाणी पिई. आता नऱ्हे 2021 पासून महापालिकेतच आहे, कोंढवा तर आधीपासून, आणि दोन्हीकडे सोसायटीच्या फाटकासमोर सकाळी टँकरची रांग असते. पाणी ज्या दिशेने येत होते त्याच दिशेला आता ते विकत न्यावे लागते. 2025 च्या सुरुवातीला सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा संशय गेला तोही तिथल्या विहिरीच्या पाण्यावर. समाविष्ट गावांत घरे आधी जातात, कर त्याच्या मागोमाग जातो, आणि नळ सर्वांत शेवटी. हा क्रम पेशवाईत नव्हता. हा आपण शोधून काढला.

तेव्हा शेवटचा स्वाध्याय नऱ्ह्याला करावा. सकाळी लवकर टँकर भरण्याच्या जागी जाऊन उभे राहावे. चालकाला ‘दादा’ म्हणावे. तो आधी विचारेल, तुम्ही महापालिकेचे की पेपरवाले. दोन्ही नाही म्हटले तर त्याचा विश्वास बसणार नाही. ‘इतिहासाचे’ म्हटले तर तो हसेल आणि मग बहुधा बोलेल. पाणी कुठल्या विहिरीचे, दिवसाला किती खेपा, उन्हाळ्यात दर काय, दोन वर्षांपूर्वी काय होता, कोणत्या सोसायटीला नळजोड असूनही टँकर लागतो. त्याचे आकडे वहीत घ्यावेत आणि त्याच दिवशी घरी येऊन माहिती अधिकाराचा अर्ज लिहावा: समाविष्ट गावांत गेल्या पाच वर्षांत वर्षनिहाय टँकरच्या किती फेऱ्या झाल्या, कोणत्या भरणा केंद्रांवरून झाल्या आणि त्यांचा खर्च किती.

अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावावा. महाराष्ट्रात असा अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत बसवावा लागतो. पुण्यातल्या इतिहासकाराची खरी परीक्षा इथे होते, तेव्हा पेशव्यांचा उल्लेख टाळावा. उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे. नाही आले तर प्रथम अपील करावे. मधल्या काळात मोडीची गेलेली अक्षरे परत आणण्याचा प्रयत्न करावा.